बाबांचा शेवटचा अंदाज कोणता

माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, नितीननं, मला दोन सीझन फसवलं. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे भावाभावांतलं आहे असं म्हणून कुणी मध्येच समजूत काढायला येणार नाही. भांडण शेताचं नाही, घराचं नाही, दुकानाचंही नाही. तसं असतं तर मी इथे लिहीत बसलो नसतो, दिग्रसला जाऊन चारचौघांत निकाल लावला असता. त्यानं माझं जे घेतलं ते परत मिळण्यासारखं नाही, म्हणून लिहितो आहे. जे गावी राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठीही.

मी निघालो त्या दिवशी बाबा मार्केटमधून थेट बसस्टँडवर आले होते. दिग्रसच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, ते कापूस पारखायचे. भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू तसेच होते, झटकायलाही थांबले नव्हते. यवतमाळची बस लागलेली, तिथून नागपूर, मग विमान. नितीन माझी बॅग आत चढवत होता. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या हातावर टाकला.

ज्यांना आमचं मार्केट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आता सगळीकडे उघड बोली लागते, हर्रास होते. पण बाबांच्या वयाचे लोक आपसातला सौदा दुपट्ट्याखाली करायचे. वर कापड, खाली दोघांचे हात. समोरच्याची जेवढी बोटं धरून दाबली तेवढा आकडा. तोंडानं बोलायचं नाही, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. एकाच आकड्यावर दोघं आले की बोटं सुटतात आणि सौदा पक्का होतो. मग माल जळाला तरी शब्द फिरवायचा नाही.

बाबांनी माझं एक बोट दाबलं. मला लगेच कळलं. वर्षातून एकदा ये. मी त्यांची पाचही बोटं धरली. पाच वर्षांनी. त्यांनी दोन दाबली, मी चार. कंडक्टर दारातून ओरडत होता. बाबा तीनवर आले, मी तीनला हो म्हटलं, बोटं सुटली.

"पाह्यलं का रे नित्या?" बाबा हसून म्हणाले. "बह्याड पोट्टं. बापासंग घासाघीस करून राह्यलं."

यवतमाळपर्यंत मी खुशीत होतो. आई आम्ही लहान असतानाच गेली होती, त्यामुळे बसस्टँडवर रडणारं कुणी नव्हतं. मार्केटमधल्या सगळ्यात पक्क्या माणसाला मी एकावरून तीनावर आणलं होतं. दारव्ह्याच्या पुढे मला गाडी लागली तेव्हाही मी मनात तोच हिशोब घोळवत होतो, आणखी ताणून धरलं असतं तर चारवर आले असते का म्हणून.

तो सौदा मी अक्षरशः पाळला. दर तिसऱ्या वर्षी गेलो. अलीकडे नाही, पलीकडे नाही.

मी ओहायोत कोलंबस नावाच्या शहरात राहतो. सुरुवातीला एका वेअरहाऊसमध्ये सामान उचलायचो. बंद पडलेल्या हॉटेलांच्या भट्ट्या, फ्रीझर, स्टीलची टेबलं. आज ते वेअरहाऊस माझं आहे. ऑक्शनमध्ये मी पुढे येऊन उभा राहिलो की जुने डीलर एकमेकांकडे बघतात. माझा आवाज चढतो, मी अर्ध्यातून उठून जातो, परत येतो, आणि शेवटी माझ्याच आकड्याला वस्तू घेतो. लोक मला तापट म्हणतात. असेन. पण फसणारा माणूस म्हणून कुणी मला ओळखत नव्हतं.

त्या वेअरहाऊसच्या जेवणाच्या खोलीत एक टीव्ही होता. एप्रिल लागला की त्यावर बास्केटबॉलचे प्लेऑफ सुरू व्हायचे. व्यावसायिक संघांचे मोठे सामने, थेट जूनच्या मध्यापर्यंत चालणारे. दोन संघ एकमेकांशी सात सामन्यांपर्यंत खेळतात, आधी चार जिंकेल तो पुढे जातो. मालिका सुरू व्हायच्या आधी खोलीतला प्रत्येक जण आपला अंदाज सांगायचा. कोण जिंकणार आणि कितीनं. चार-शून्य, चार-एक, चार-दोन. आमच्या शहराचा स्वतःचा संघ नाही, त्यामुळे कुणाचं मन अडकलेलं नसायचं. मला तो खेळ धड कळत नव्हता, पण अंदाज सांगताना माणसं कशी खोटं बोलतात ते कळायचं. ज्याला माहीत नसतं तो मोठ्यानं बोलतो.

तेव्हा बाबांशी फोनवर बोलणं म्हणजे मोठं काम होतं.

"बरा हाये ना?"

"बरा आहे. तुम्ही?"

"आमाले काय होते."

मग शांतता. पलीकडे पंख्याचा आवाज. आम्ही दोघंही बोलून पोट भरणारी माणसं, पण एकमेकांशी बोलायला आमच्याकडे काही नव्हतं. एकदा अशाच शांततेत मी त्यांना ह्या अंदाजांबद्दल सांगितलं. सात सामने, आधीच आकडा सांगायचा, नंतर बदलायचा नाही. बाबा एकदम जागे झाले.

"अन् माल पाहाले भेटते का आधी?"

"वर्षभर भेटते, बाबा. टीव्हीवर."

"मंग त सोपं हाये," ते म्हणाले.

आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची पहाट. नितीननं घरी सामने लावून दिले. त्याचं कृषी केंद्र दहाला उघडायचं, तोवर तोही बाबांशेजारी चहा घेऊन बसायचा. दोनेक महिन्यांत बाबांनी असा अंदाज सांगायला सुरुवात केली की माझ्या खोलीतले लोक मला विचारायला लागले, तुझे वडील काय म्हणतात?

त्यांची रीत कापसाचीच होती. गाडी मार्केटमध्ये आली की वरचा कापूस ते बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधला पुंजका ओढून काढायचे, चिमटीत धरून तंतू लांबवायचे. मग एक सरकी दातांखाली धरायची. वाळलेली असली तर कट् आवाज येतो, ओल असली तर नुसती दबते. पहिला सामना त्यांच्यासाठी गाडीचा वरचा थर होता. "थो कोनाचाही पांढराच असते," म्हणायचे. तिसऱ्या सामन्यात, शेवटच्या दहा मिनिटांत, दमलेला खेळाडू मागे परत कसा धावतो ते बघायचे.

"बॉलकडे नोको पाहू बे गजू. बॉल सारेच पाह्यते. मांगून पळत येनाऱ्याले पाह्य. थो गुडघ्यावर हात ठेवते का नाही?"

"ठेवते."

"मंग सरकी वाजत नाही त्याची. ओला माल हाये. चार-एक."

'सरकी वाजते का' हा आमचा शब्द झाला. त्यातच सगळं यायचं. त्यांचा गुडघा, माझी उलाढाल, नितीनच्या मुलीची परीक्षा. मी विचारायचो, "काय बाबा, सरकी वाजते का?" आणि ते म्हणायचे, "वाजून राह्यली." तुमच्यापैकी जे परदेशात आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. प्रत्येकाच्या घरी असा एक दोर असतो. आमचा हा होता.

एक नियम मात्र ते कधी मोडत नसत. सात म्हणायचं नाही. मालिका सातव्या सामन्यापर्यंत जाईल, असं मी एकदा म्हटलं तर फोनवरच खवळले. माझा राग कुणाकडून आला हे सांगायला नको.

"सात कायले म्हनतं? सात म्हनजे तुले माल समजलाच नाही. तसं सांग ना मंग. गाडीपुढं उभं राहून 'चांगलाही असन, वाईटही असन' म्हनलं त मालक ठेवन का मले?"

त्यानंतर आम्ही दोघांनीही सात म्हटलं नाही. सामने सातव्यावर जायचे, आम्ही दोघं चुकायचो, आणि दोघंही आनंदात असायचो.

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा बाबा ठीक होते. थोडे विसरायचे. चष्मा डोळ्यांवर असताना शोधायचे. निघताना त्यांनी स्वतः पुढच्या सीझनचा विजेता सांगितला होता. पण नंतर नितीननं कळवलं की बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, कानाची मशीन ते काढून टाकतात. "मी इचारून मेसेज करत जाईन, दादा. कायले उगाच ओरडतं फोनवर?" मला ते पटलं. माणूस म्हातारा झाला की कान जातात, त्यात काय.

तेव्हापासून मेसेज यायला लागले. "बाबा म्हणते चार-दोन." "बाबा म्हणते पाहुणा संघ जिंकन, चार-एक." मी उत्तर द्यायचो, माझा आकडा कळवायचो, वाद घालायचो. "बाबांना विचार, त्या उंच पोराचा घोटा दुखावला आहे, तरी हेच म्हणणार का?" तासाभरात उत्तर यायचं. "बाबा म्हणते शब्द नाही फिरवत." मला हसू यायचं. वेअरहाऊसमध्ये मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचो, इंग्रजीत करून सांगायचो. अंदाज पूर्वीपेक्षाही बरोबर येत होते. माझा बाप म्हातारपणी आणखी पक्का होतो आहे, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

मग गेल्या सीझनमध्ये एका मालिकेच्या आधी मेसेज आला. "बाबा म्हणते सातव्यावर जाईन."

मी तो दोनदा वाचला आणि मला काय वाटलं ते लिहितो. मला आनंद झाला. वाटलं, म्हातारा मऊ झाला. आयुष्यभर एका शब्दावर उभा राहिलेला माणूस आता म्हणतो आहे की नाही बुवा समजत. विकणाऱ्याच्या श्वासावरून खोटं ओळखणारा मी, ऑक्शनमध्ये फ्रीझरचा आवाज ऐकून त्याची मोटर सांगणारा मी, मला तो एक शब्द ओळखता आला नाही. मालिका खरोखर सातव्यावर गेली. मी नितीनला फोन केला. "बाबांना सांग, मी हरलो."

"सांगतो," तो म्हणाला.

तिकडे ते सांगून कळण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

यंदा तिसरं वर्ष होतं. मी मुद्दाम एप्रिलमध्ये गेलो, प्लेऑफच्या दिवसांत. दिग्रसचा एप्रिल ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील वेडा आहे. पण मला बाबांशेजारी बसून मालिका बघायची होती. इतक्या वर्षांत आम्ही एकही सामना एका खोलीत बसून पाहिलेला नव्हता. नितीन स्टँडवर घ्यायला आला. रस्त्यात म्हणाला, "दादा, बाबा थोडे वेगळे वाटतीन तुले." मी म्हटलं, वय झालं. त्याला तिथेच गाडी थांबवून सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

पोचलो तेव्हा बाबा झोपलेले होते. पहाटे मी उठलो, आंघोळ केली, टीव्ही लावला. नितीननं बाबांना खुर्चीत आणून बसवलं. दाढी केलेली, धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. नीट ठेवलं होतं त्यानं त्यांना, ते मी नाकारत नाही. मी पाया पडलो आणि म्हणालो, "काय बाबा, सरकी वाजते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, फार अदबीनं.

"बसा ना जी," ते म्हणाले. "चाय घ्या. कोन्या गावचे तुमी?"

मला आयुष्यात त्यांनी कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. अबे, कारे, लेका, बह्याडा, हे सगळं म्हटलं होतं. मी चाळीस माणसांसमोर एका डीलरच्या अंगावर धावून गेलेला माणूस, त्या 'तुमी'पुढे गुमान खाली बसलो. चहा घेतला. पडद्यावर पोरं पळत होती.

"हे पोट्टे कोनाचे होत?" बाबांनी विचारलं.

मी नितीनकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला सगळं कळलं. दोन सीझनचे सगळे 'बाबा म्हणते' एका क्षणात कळले.

अंगणात आमचं जे झालं ते शेजाऱ्यांनी ऐकलंच आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हळूहळू गेले ते, दादा. एका दिवसात नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं त काय केलं असतं तू?"

"आलो असतो!"

"अन्? दहा दिवस राह्यला असता. कूलरसमोर बसला असता. मंग तुह्या ऑक्शनची तारीख आली असती." तोही आता चढला होता. "दर रविवारी फोन करतं. बाबा काय म्हनते, बाबा काय म्हनते. एक डाव तरी इचारलं का, बाबा जेवते का? बाबा झोपते का? तुले अंदाज पाह्यजे होता. मी देल्ला."

"अंदाज विचारणं म्हणजे तेच विचारणं होतं! तुला माहीत होतं ते. त्या घरात दुसऱ्या कुणाला नसेल, तुला माहीत होतं!"

तो खाली बघून म्हणाला, "बाबानंच सांगतलं होतं. पहिल्यांदा टीमचं नाव आठोलं नाही तवा. म्हने, गजूले नोको सांगू. काहीतरी सांगून दे."

आता हे खरं की खोटं मी कसं ठरवणार? साक्षीदार एकच, आणि तो आत बसून मला पाहुणा समजतो आहे. मी खिडकीबाहेरच्या कूलरला लाथ मारली. पाणी बाहेर सांडलं, मोटर खडखडत बंद पडली. नितीनची मुलगी आतून धावत आली आणि दारातच थांबली.

तेवढ्यात खुर्चीतून बाबांचा आवाज आला, जुना, मार्केटमधला. "काय झालं जी? सौदा तुटून राह्यला का?"

आम्ही दोघंही थांबलो.

"इकडे या. असं ओरडून नाही होत."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या हातावर टाकला. त्यांचा हात खाली आला. कातडी पातळ झाली होती, पण अंगठ्याची पकड तीच होती, तंतू लांबवणारी. त्यांनी माझं एक बोट धरलं आणि दाबलं.

एक.

कसला भाव होता तो, कुठल्या वर्षीच्या कापसाचा, कुठल्या शेतकऱ्याशी चाललेला, देवालाच माहीत. किंवा तो बसस्टँडवरचाच असेल. मी घासाघीस केली नाही. त्यांचं एक बोट धरलं, तेवढंच दाबलं. त्यांनी मान हलवली, बोटं सोडली, आणि नितीनला म्हणाले, "झालं. पाहुण्याले जेवू घाल."

त्या दिवशी मी नितीनच्या घरी पाहुणा म्हणून जेवलो. ते घर माझंही आहे. इकडे कुणी विचारलं की मी अजून सांगतो, आय ॲम फ्रॉम दिग्रस. पण इतकी वर्षं घर म्हणून मी जे जपलं ते विटांचं नव्हतं. पहाटे चहाचा कप हातात धरून एक माणूस मला दोन आकडे सांगायचा, तेवढंच होतं. ते आकडे आले की मला वाटायचं, मागे सगळं जागच्या जागी आहे. दोन सीझन ते येत राहिले, आणि मागे काहीच जागेवर नव्हतं. आता 'घर' म्हटलं की दुपट्ट्याखालचं ते एक बोट आठवतं, आणि बसस्टँडवर मी केवढ्या हुशारीनं ते तीनावर नेलं होतं ते आठवतं. सौदा मी जिंकलो होतो. त्या तीन वर्षांच्या फटीतच हे सगळं बसलं.

निघताना मी नितीनला एकच विचारलं होतं, त्या मेसेजांत बाबांचं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं. म्हणाला, आधी बाबा संघाचं नाव सांगायचे आणि आकडा तो लावायचा, मग नावही जायला लागलं, कधी थोडं त्यांचं, कधी सगळं त्याचं. म्हणाला, "आता काय फरक पडते, दादा?"

फरक पडतो. नितीन, तूही त्याच बापाचा मुलगा आहेस, तुला गाडी माहीत आहे. कुठल्याही गाडीत एक थर असा असतो जिथे चांगला कापूस संपतो आणि ओला सुरू होतो. बाबा कोपरापर्यंत हात घालून तो थर शोधायचे. माझा हात तिथे पोचत नाही. ते सगळे मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचले, मला तो सापडत नाही. "शब्द नाही फिरवत" हे कोण म्हणालं होतं? मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त हसलो ते वाक्य कुणाचं होतं, त्यांचं की तुझं? काळजीपोटी केलंस असं म्हणतोस, म्हण. बाबांनी सांगितलं म्हणतोस, तेही एक वेळ मानतो. पण माल मिसळणाऱ्याला तरी माहीत असतं, कुठपासून मिसळला.

अंतिम मालिका सुरू व्हायची आहे. वेअरहाऊसमध्ये सगळ्यांनी आकडे सांगून टाकले. माझा मी अजून दिलेला नाही, आणि तुझं उत्तर आल्याशिवाय देणार नाही. बाबांचा शेवटचा अंदाज कोणता होता, नितीन? सात म्हणू नकोस. एक मालिका सांग.